शेवटचा ई

विलास,

काल तुझ्या घरून खोकं आणलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, सावकाश जावा, जड हाय त्ये." स्कूटरवर पुढे, दोन पायांच्या मध्ये ठेवलं आणि बेडकासारखे पाय फाकून गडमुडशिंगीपर्यंत आलो. वेशीजवळ एकानं हाक मारलीच, "काय मास्तर, आंबं व्हय?" तू असतास तर म्हणाला असतास, व्हय म्हण लेका, आन् देत न्हाई म्हण. मी नुसती मान हलवली आणि पुढे आलो.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. माणसं आली, तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेली. पेंटर लई भला माणूस, अक्षर म्हणजे मोती, निम्म्या कोल्हापूरच्या पाट्या त्याच्या हातच्या. सगळं खरं आहे. पण तू रविवारी दुपारी काय करायचास, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? की साठी ओलांडलेले दोन बाप्ये टेबलावर मातीचे सैनिक मांडून लढाया खेळतात आणि त्या खेळाची जुनी इंग्रजी मासिकं देवाच्या पोथीसारखी जपतात? यडी म्हणाले असते. म्हणोत बापडे, आपण होतोच.

तो पहिला गठ्ठा घेऊन तू शाळेत आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सातवीला इतिहास शिकवत होतो. तू दारात उभा, ब्रश कानावर, शर्टावर तांबडा रंग, काखेत सुतळीनं बांधलेली मासिकं. ताराबाई पार्कातल्या कुणा जुन्या फौजी अधिकाऱ्याचा बंगला रिकामा झाला होता आणि त्याची पुस्तकं रद्दीच्या दुकानात आली होती. त्याच दुकानाचा बोर्ड तू रंगवत होतास. "मास्तर, पोरं बसू देत जरा," तू म्हणालास, "ह्ये काय हाय त्ये आधी सांग मला."

पातळ पातळ मासिकं. पिना गंजलेल्या, कागद चहाच्या रंगाला आलेला. हिरव्या टेबलावर बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक मांडलेले फोटो, मध्ये फूटपट्टी, फासे. कुठली पलटण एका खेपेला किती इंच चालणार, कुठल्या तोफेचा पल्ला किती, हे सगळं बारीक टायपात. आणि शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं. विलायतेतल्या कुठल्यातरी गावचा एक गृहस्थ लिहितो की मागच्या अंकात अमुक पलटणीच्या कोटाची बटणं पिवळी छापली आहेत, ती पांढरी होती. पुढच्या अंकात दुसरा त्याच्या अंगावर येतो की पिवळीच होती. तीन अंक तो बटणांचा तंटा चालला होता. मी तो तुला शब्दकोश घेऊन वाचून दाखवला आणि तू हसून हसून बाकावर आडवा झालास. "मास्तर, ही पण आपल्यासारखीच हाईत की रं!" तू म्हणालास. माझ्या मते आपण त्या मासिकांत अडकलो ते लढायांमुळे नाही, त्या बटणांमुळे.

पुढे आपण ती गोळा करत सुटलो. मिरजेची रद्दी, बेळगावची रद्दी, कसबा बावड्यातलं एका रिटायर्ड माणसाची माळ्यावरची ट्रंक. कधी वर्षाला एक अंक मिळायचा, कधी दोन वर्षांत एकही नाही. एक्केचाळीस झाले. ज्यांची मुखपृष्ठं फाटून गेली होती त्यांना तू स्वतः मुखपृष्ठं रंगवलीस, तीच अक्षरं, तोच घोडा, कोपऱ्यात अंकाचा नंबर. आता कुठलं खरं आणि कुठलं तुझं, हे मलाही पिना बघून ठरवावं लागतं.

त्या मासिकांतल्या बऱ्याच अंकांत एक कूपन असायचं. कापा, भरा, टपालानं पाठवा, सैनिकांची यादी मागवा. एका अंकातलं कूपन कुणीतरी कात्रीनं नीट कापून घेतलेलं होतं. तू त्या चौकोनी भोकातून माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "त्याला मिळालं असंल का रं?" मी म्हटलं, कुणाला? "ज्यानं कापलं त्याला. वाट बघितली असंल बिचाऱ्यानं." त्यानंतर तो अंक हातात आला की तू दरवेळी हे विचारायचास आणि मी दरवेळी म्हणायचो, मिळालं असेल. ज्या गावाला आपण कधी गेलो नाही, तिथल्या कुण्या पोरसवदा माणसाच्या पार्सलची काळजी आपण तीस वर्षं केली. आज मला कुणी विचारलं, जुन्या मासिकांत एवढं काय असतं, तर मी त्या भोकाकडे बोट दाखवीन.

शिशाचे सैनिक आपल्याला कुठून मिळणार? तू कुंभार गल्लीतून शाडू आणलास आणि दोन पलटणी केल्यास. रंग नंबरप्लेटचे उरलेले. म्हणून आपली एक पलटण काळी-पिवळी, रिक्षाच्या स्टँडवर उभी असल्यासारखी, आणि दुसरी पांढऱ्यावर तांबडी. टेबलाला शाळेच्या गणवेशातलं हिरवं कापड, टेकडीच्या जागी कापडाखाली माझा शब्दकोश. प्रत्येक पलटणीचं एक कार्ड, जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. त्यावर शब्द तू लिहायचास आणि आकडे मी घालायचो. "आकड्यात मास्तर पक्का हाय," तू म्हणायचास. नियमांचं मराठी करायचं कामही माझ्याकडेच होतं. आणि तिथंच मी माती खाल्ली.

नियमांत एक शब्द पानोपानी यायचा. पलटणीची निम्मी माणसं पडली, किंवा समोरून घोडदळ आलं, की त्या पलटणीची कसलीतरी परीक्षा घ्यायची. दोन फासे टाकायचे. सात किंवा वर आले तर पलटण उभी राहील, खाली आले तर मैदान सोडील. तो शब्द मी वाचला मोरल. मोरल म्हणजे नीती. मी ऐटीत सांगितलं, "नीतीची परीक्षा." खेळाच्या पहिल्याच दिवशी, पहिल्या कार्डावर लिहायला तू ब्रश उचललास आणि थांबलास.

"मास्तर, इंग्लिश शाळेत वर्गाच्या दारावर मी मॉरल सायन्सची पाटी रंगवलीया. तिथं पाच अक्षरं हाईत. हितं सहा हाईत. ह्यो शेवटचा ई कशाला हाय?"

अक्षर न् अक्षर मोजून रंगवणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तो. इंग्रजीचा अर्थ तुला अंदाजानं कळायचा, पण अक्षर कधी चुकायचं नाही. आणि मी, बी.ए., बी.एड., तुला काय म्हणालो? "इंग्रजांचं स्पेलिंग ते. काय पण असतंय. लिही तू." तू लिहिलंस.

पण त्या चुकीवर तू काय इमारत उभी केलीस, विलास! तुझं म्हणणं पडलं की नीतीची परीक्षा नुसत्या फाशानं कशी होईल? आधी सांगितलं पाहिजे की ही पलटण कशासाठी लढते आहे. म्हणून आपल्यात नियम झाला: फासा टाकण्याआधी कारण मोठ्यानं बोलायचं. ते समोरच्याला पटलं तर एक मिळवायचा. उभ्या पिकातून घोडी घातली असतील तर एक वजा. विहिरीच्या पाण्यावरून गावाला अडवलं असेल तर दोन वजा. पळत्याच्या पाठीवर वार केला तर पुढच्या डावापर्यंत पलटण बाद. मला आठवतं, एकदा तुझी काळी-पिवळी जिंकायला आलेली होती, फक्त मधला ऊस तुडवून यायला लागत होतं. तू पंधरा मिनिटं टेबलाकडे बघत बसलास, मग लांबच्या वाटेनं आलास आणि हरलास. वहिनी भडंगाची ताटली घेऊन आल्या तर तू म्हणालास, "हरलो, पर ऊस वाचला." जगात कुठंच हा खेळ असा खेळत नसतील.

नेसरीचा डाव मात्र तू कधी मांडू दिला नाहीस. नेसरी तुझं आजोळ. सात घोडी एका फौजेवर चालून गेली, ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजूनही बदलतो. मी तुला कितीदा म्हटलं, एकदा मांडू या, त्यांचं कारण मी बोलतो, बघ नीतीचा फासा कसा पडतो. तू मान हलवायचास. "ती माणसं फाशावर टाकायची न्हाईत, मास्तर." मी म्हणायचो, मग त्यांचं बरोबर होतं का चूक, ते तरी सांग. तू ब्रश धूत धूत म्हणायचास, "त्यांचं बरुबर असंल. पर मागं फौज उभी हुती की. मागं ऱ्हायल्यांचा फासा कुणी टाकायचा?" मी चिडायचो. इतिहासाच्या मास्तराला हे ऐकायची सवय नसते. आपला तो वाद मिटला नाही.

आता ते सांगतो, जे सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. माझ्या पुतण्यानं पुण्याहून मोबाईलवर सगळ्याच्या सगळ्या मासिकांची पीडीएफ पाठवली. आपल्याला न मिळालेले अंकसुद्धा, एका बोटावर. मी रात्रभर नाही तरी सकाळपासून दुपारपर्यंत तेच वाचत होतो. एका अंकात नवीन खेळणाऱ्यांसाठी शब्दांचे अर्थ दिले होते. त्यात तो शब्द होता, शेवटच्या ईसकट. त्याचा नीतीशी संबंध नव्हता. मनोधैर्य. रोज पेपरात वाचतो तो शब्द. पलटणीचा धीर टिकला का सुटला, एवढीच ती परीक्षा होती.

मी स्कूटर काढली आणि थेट तुझ्याकडे आलो. घरात तुझे व्याही आलेले, पोरीच्या सासरची चार माणसं, तिळगुळाचे डबे, चहा चाललेला. मला थांबवलं नाही. दारातूनच मोबाईल नाचवत मी म्हणालो, "विलासराव, तीस वर्षं चुकीचं खेळलो आपण! नीती नव्हे, धीर! आयुष्यभर इंग्रजी पाट्या रंगवल्यास, आणि एवढा एक शब्द तुला वाचता आला नाही?"

सगळे हसले. व्याह्यांनाही काही कळलं नव्हतं, पण मास्तर हसतात म्हणून तेही हसले. तू मोबाईल हातात घेतलास, लांब धरून बघितलास. मला वाटलं, आता काहीतरी ठेवून देशील. तू एवढंच म्हणालास, "ह्येचा पण फ्लेक्स झाला म्हणायचा." आणि आत गेलास. तुझ्या पोरानं, अमोलनं, दुकानात फ्लेक्सचं मशीन लावलं आणि हातानं रंगवायच्या पाट्या थांबल्या, तेव्हाही तू असंच एक वाक्य बोलून आत गेला होतास.

शेवटच्या ईची आठवण मला कुठं झाली, सांगू? परत येताना, उचगावच्या रस्त्याला. स्कूटर बाजूला लावून उभा राहिलो. तूच विचारलं होतंस. तीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, ब्रश हातात धरून तू विचारलं होतंस आणि मी तुला गप्प केलं होतं. आणि आता माझी चूक तुझ्या व्याह्यांसमोर तुझ्या गळ्यात मारून आलो होतो.

मागं फिरायला पाहिजे होतं. नाही फिरलो. पुढच्या रविवारी गुडघा दुखतो म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी लग्न होतं. मग चार महिने काहीतरी होतच राहिलं. मास्तरकीची ही खोड वाईट. पोरांना शंभरदा सांगितलं, चूक झाली तर उभं राहून कबूल करायचं. स्वतः एकदा उभं राहता आलं नाही.

मग तुझा फोन आला. शनिवारी संध्याकाळी. आवाज नेहमीचाच. "काय करालाईस मास्तर? उद्या येतोस काय? एक दावायचं हाय तुला."

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. पोरगी बघायला आलेले पावणे 'बघतो, कळवतो' म्हणून उठतात तेव्हा आतल्या बाईला कळतं, चहा वाया गेला. तू म्हणालास, "बग बग. निवांत बग." आणि फोन ठेवलास. रविवारी मी घरी बसून राहिलो. मंगळवारी सकाळी अमोलचा फोन आला.

विलास, मला तुझ्यावर रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीस. तू काय दाखवणार होतास, हे पंधरा दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं. भाजी आणताना, दाढी करताना, तेच.

तेराव्याला तुझे व्याही माझ्या शेजारी बसले होते. वाढपी पुढं गेल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही आलता बघा, संक्रांतीच्या टायमाला. तुम्ही गेल्यावर आमी विचारलं, भानगड काय? तर पेंटर म्हणाले, चूक माझीच हाय. मास्तरांनी बरुबर सांगितलंतं, मीच कार्डावर उलटं लिवलं."

ते पुढं म्हणाले, "लई मानायचे तुमाला."

मी जेवण अर्धं टाकून उठू शकलो नाही, तुझं जेवण होतं ते. सगळं संपवलं. ताटात पडलेलं सगळं. बाहेर येऊन हात धुताना मात्र नळ बराच वेळ चालू ठेवला.

काल अमोल म्हणाला, "काका, बाबांचं त्ये खोकं तुमीच न्या. हितं मशीनच्या धुरळ्यात खराब व्हईल. बाबा म्हणालते, दुसरं कुणी हात लावायचा न्हाई." म्हणून आणलं. घरी आल्यावर आधी आंघोळ केली. मग टेबल मोकळं केलं. आपण दर रविवारी करायचो तशी आधी अंकांची मोजणी केली. एक्केचाळीस. कूपनचा अंक मध्येच होता. त्या भोकाला बोट लावलं आणि मोठ्यानं म्हणालो, मिळालं असेल. ही आतून म्हणाली, "काय मिळालं?" मी म्हटलं, काही नाही.

खाली दोन्ही पलटणी कापसात गुंडाळून ठेवलेल्या. काळी-पिवळी, तांबडी-पांढरी. आणि त्यांच्याखाली बुटाच्या खोक्यात काहीतरी नवीन होतं. कापूस काढला. घोडी होती. एक, दोन, तीन. सात. शाडूची, नव्यानं केलेली, प्रत्येक घोड्याचा रंग वेगळा, प्रत्येक स्वाराची मान वेगळी वळलेली. एकाचा फेटा अजून रंगवायचा राहिला होता. चार महिने तू रुसला नव्हतास. चार महिने तू नेसरी घडवत होतास. मला नेहमी पाहिजे होता तो डाव, तुला कधीच मांडायचा नव्हता तो.

घोड्यांच्या खाली एक कार्ड. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, तुझ्या हातच्या अक्षरात. खाली दोन ओळी होत्या. एक: नीती. दुसरी: धीर. म्हणजे दोन्ही ठेवलंस. माझी चूकही ठेवलीस आणि माझी दुरुस्तीही. दोन्हींच्या पुढची जागा कोरी होती, आणि सगळ्यात खाली बारीक लिहिलं होतंस: आकडे मास्तर घालतील.

नीतीपुढचा आकडा मी घालीन, विलास. त्यावर तू भांडायला नाहीस, तर तुझ्या बाजूनंही मीच भांडीन आणि मग घालीन. धीरापुढचा आज जमत नाही. मागं राहिल्यांचा फासा कुणी टाकायचा, हे तू विचारलं होतंस तेव्हा मला ते नेसरीबद्दल वाटलं होतं.

आणि कार्डाच्या अगदी वर, पाटीवर असतो तसा ठळक मथळा. तोच इंग्रजी शब्द. सहा अक्षरं, पट्टी लावून आखलेली, सारख्या अंतरावर. पहिली पाच काळ्या रंगात. शेवटचा ई लालभडक, आणि बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठा.

चार माणसांत मला सांभाळून घेतलंस, आणि इथं, आपल्या दोघांत, कान धरलास. मी त्या ईकडे बघून हसायला लागलो. ही स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी रडतो आहे. तिचंही चुकलं नव्हतं.

हो रे बाबा, विचारलं होतंस. पहिल्याच दिवशी विचारलं होतंस.